डावा गुडघा कोरा

रविवार, २० ऑक्टोबर १९७४
शाइलो ग्रोव्ह, मिसिसिपी

एझेल बाळा,

मोठ्या आईचा आशीर्वाद घे, आणि पुढे वाचण्याआधी हे अक्षर नीट बघून घे. हे हॅटीचं नाही. हॅटी गेल्या महिन्यात मुलीकडे मेम्फिसला राहायला गेली. जाताना म्हणाली, ल्यूटी, तुझी एवढी पत्रं लिहिली की तुझा नातू तुझ्यापेक्षा मलाच जास्त ठाऊक आहे. गेली ती गेली. आता माझी पत्रं टार्प्लीबाई लिहितात. होय, आपल्या कोच टार्प्लींच्याच बाई. जन्मभर शाळेत शिकवलं त्यांनी, अक्षर बघ कसं, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखं. मी बोलते ते लिहिता लिहिता माझं व्याकरणही सुधारतात. मी म्हटलं, बाई, चौऱ्याहत्तर वर्षं जे वाकडं वाढलं ते आता कुठे सरळ करत बसता? हे वाक्य त्यांनी जसंच्या तसं लिहिलंय म्हणतात. मला काय कळतंय.

तुझं पत्र मंगळवारी आलं. तेही बाईंनीच वाचून दाखवलं. तुझी तब्येत बरी आहे, ओहायोत यंदा थंडी लवकर पडली, तू खेळ शिकवतोस त्या पोरांनी पाचातले चार सामने जिंकले, एवढं कळलं. मग बाईंना तहान लागली. मी पाणी घेऊन आले तोवर पत्र पाकिटात जाऊन बसलं होतं. संपलं का, विचारलं, तर संपलं म्हणाल्या. तुझी पत्रं हल्ली आखूड झाली हो. लग्नाचं तर त्यात अक्षरही नसतं. तेहतीस वर्षांचा घोडा झालास.

शनिवारी आपल्या कॉलेजचा फुटबॉल संघ हरला. गुण लिहू नका म्हटलं, तर बाई म्हणाल्या खरं ते खरं. एकतीस विरुद्ध सहा. मी सामना बघायला जात नाही हे तुला ठाऊकच आहे, मला कपडे सांगतात. पोरांची पाठ मळून आली की समजावं, पोरं पाडली गेली. पोट मळून आलं की समजावं, पोरांनी पाडलं. शनिवारच्या सगळ्या पाठी होत्या. नीळ पुरली नाही.

कोच बरे आहेत. तुझी आठवण काढतात. (बाई, हे लिहा. लिहिलंत? लिहिलं म्हणतात.)

सही तुला ओळखू येईलच. मला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. चौतीस वर्षं पोरांच्या जर्स्या धुतल्या की आकडे आपोआप हातात येतात. तुझाच नंबर घालते, नेहमीसारखा.

२२


गुरुवार, २४ ऑक्टोबर १९७४

एझेल,

आठवड्यात दुसरं नवं अक्षर बघून दचकू नकोस. हे स्ट्रेटरसाहेबांचं आहे. होय, तेच, अंत्यसंस्कारवाले. मी जिवंत आहे. साहेब म्हणतात, ज्याच्या वतीने लिहितोय तो माणूस समोर बसून दुरुस्त्या सांगतो, असं त्यांच्या धंद्यात पहिल्यांदाच घडतंय. मी त्यांच्याकडे का आले, तर मेलेल्यांचा माणूस तोंडाचा घट्ट असतो.

तुझं ते पत्र मी उन्हात धरून पाहिलं. वाचता येत नाही म्हणून काय झालं, कपडा एका बाजूने मळलाय की दोन्ही बाजूंनी, एवढं तरी कळतं मला. तू कागदाच्या दोन्ही बाजू काळ्या केल्या होत्यास. टार्प्लीबाईंनी एकच बाजू वाचली होती.

दुसरी बाजू आज साहेबांनी वाचली. एकदा वाचली, मग चष्मा पुसला, मग परत वाचली.

तर कॉलेजच्या अध्यक्षांनी, आपल्या डॉ. हॉलोवेंनी, सप्टेंबरातच तुला पत्र घातलं. कोच टार्प्लींच्या जागी मुख्य कोच म्हणून ये म्हणाले, आणि तू येतो म्हणालास. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाचा सामना त्यांचा शेवटचा. तोवर त्यांना काही सांगायचं नाही, हे अध्यक्षांचं नाही, तुझं म्हणणं. आणि वर मला लिहितोस, मोठी आई, तूही तोंड उघडू नकोस.

अरे शहाण्या, हे गुपित तू नेमकं कुणाच्या हातात दिलंस? पत्र मला कोण वाचून दाखवणार, एवढा विचार करायचास. हॅटी असती तर तिने गावभर केलं असतं, तेही एक वेळ परवडलं असतं. तुझं हे लिहिणं त्यांच्याच बायकोने, माझ्याच ओसरीवर, माझ्यासमोर बसून मनात वाचलं, आणि मला थंडीचं सांगितलं.

बुधवारी बाई धुण्याच्या खोलीत आल्या. उगाच. कधी येत नाहीत. माझ्याबरोबर टॉवेल घडी करायला बसल्या. एकच टॉवेल त्यांनी तीनदा घडी केला, तीनदा उलगडला. मी विचारलं, कोच बरे आहेत ना, तर म्हणाल्या, त्यांना हा हंगाम पुरा करू दे, ल्यूटीबाई. बस एवढंच. तेव्हा मला वाटलं कोचच्या छातीत दुखत असेल.

आता माझं ऐक. कोच बदलायला नको असं मी म्हणत नाही. अठ्ठावीस वर्षं झाली त्यांना. सलग तीन हंगाम हरलो. ज्या सरकारी विद्यापीठाच्या मैदानावर आपल्या काळ्या माणसाला झाडूही धरू देत नव्हते, तिथली गोरी माणसं आता आपल्या चांगल्या पोरांना त्यांच्या आयांच्या दारातून मोटारीत बसवून नेतात. उरलेल्यांना घेऊन कोच उभे राहतात. अजून तेच डाव खेळवतात, चेंडू हातात धरून पळण्याऐवजी फेकणं म्हणजे आळशीपणा असं अजून समजतात. मान्य आहे सगळं. नवा माणूस हवा. तू आलास तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार आहे? बारा वर्षांत तुझं तोंड पाहिलेलं नाही मी.

पण माणसाला उठवायचीही एक रीत असते. आधी ये. त्यांच्या ओसरीवर बस, बाई देतील ते ताक पी, आणि तोंडाने सांग की तुमची जागा मी घेतोय. जागा जाईल, मान राहील. त्यांचा राहील, तुझा राहील.

स्ट्रेटरसाहेब विचारतात, शेवटी 'शोकाकुल' घालायचं का. सवय आहे त्यांची.

२२


बुधवार, ६ नोव्हेंबर १९७४

एझेल,

तुझं उत्तर आलं. पाच ओळींचं आहे, साहेबांनी मला तीनदा वाचून दाखवलं. आता मला पाठ झालंय, म्हणून दाखवू?

'मोठी आई, त्याने मला कुठे सांगितलं होतं? एक शब्द तरी बोलला होता? शिकागोची माणसं माझ्यासाठी आली होती आणि माझी खुंटी रिकामी होती. त्यालाही तसंच कळू दे. ओसरीवर बसायला मी येणार नाही.'

खरं आहे तुझं. तू सांगतोस ती सकाळ मला तुझ्याइतकीच आठवते. बासष्ट सालचा थँक्सगिव्हिंग. सामन्याच्या दिवशी सकाळी धुतलेली जर्सी ज्याच्या त्याच्या खुंटीवर लागते, आणि ज्याची खुंटी रिकामी तो त्या दिवशी खेळत नाही. कुणी काही बोलत नाही, कुणी विचारत नाही. आपल्या कॉलेजची रीतच ती, कोच टार्प्लींच्याही आधीपासूनची. चेंडू घेऊन तुझ्यासारखं पळणारं पोर या गावाने पाहिलं नव्हतं. व्यावसायिक संघाची दोन माणसं खास शिकागोहून आली होती, अंगात लांब कोट, हातात वह्या. आणि तू कपडे बदलायच्या खोलीत बनियनवर बसून राहिलास. कोच तुझ्या समोरून गेले, खाली मान घालून गेले. संध्याकाळच्या बसने तू गेलास. माझ्या हातचं टर्कीचं ताट तसंच राहिलं.

बारा वर्षं तू त्या माणसाचं नाव घेतलेलं नाहीस. पत्रात लिहायचं झालं तर 'तो' लिहितोस.

मला एवढंच म्हणायचंय की रिकाम्या खुंटीने माणसाला काय होतं हे तुला ठाऊक आहे. ज्याला ठाऊक आहे त्याने ते दुसऱ्याला

साहेब म्हणतात वाक्य अर्धं राहिलं. राहू द्या.

आणखी एक. खुंटीवर जर्सी लावायला कोच कधी जात नव्हते. ते काम धुण्याच्या खोलीचं. हे तू कधी लक्षात घेतलं नाहीस.

साहेब माझ्याकडे बघायला लागलेत. साहेब, लिहायचं काम लिहायचं, बघायचं नाही. सही करू द्या.

२२


सोमवार, १८ नोव्हेंबर १९७४

एझेल,

आज डॉ. हॉलोवे स्वतः धुण्याच्या खोलीत आले. अध्यक्ष इथे येऊन गेल्याचं मला तरी आठवत नाही. बोटं बघ त्यांची, नेहमी स्वच्छ. साबणाच्या वासाने शिंका येत होत्या तरी गोड हसत होते.

म्हणाले, ल्यूटीबाई, कोच टार्प्लींचा तो मरून रंगाचा कोट तुम्हीच धुता ना. म्हटलं, धुते आणि इस्त्रीही करते. म्हणाले, मग थँक्सगिव्हिंगच्या गुरुवारी सामन्याच्या सकाळी तो त्यांच्या ऑफिसातल्या खुंटीवर लावू नका. सामना पुरा होऊ दे, तोवर तुमच्याकडेच ठेवा, नंतर घडी करून त्यांच्या घरी पोचवा. म्हणजे त्यांना कळेल. कुणाला काही बोलायला नको, कुणाला वाईट वाटायला नको. आपल्याच कॉलेजची रीत आहे.

मी म्हटलं, अध्यक्षसाहेब, ती रीत विशीतल्या पोरांसाठी होती, आणि पोरांसाठीही ती चांगली होती असं मला आता वाटत नाही. ते परत हसले. म्हणाले, तुमच्याच नातवासाठी जागा करतोय, ल्यूटीबाई.

मी एकदा एक खुंटी रिकामी ठेवली आहे, एझेल. दुसरी ठेवणार नाही.

तू येणार नाहीस आणि बोलणार नाहीस हे कळलं. अध्यक्षांच्याने बोलवत नाही. टार्प्लीबाई रोज बोलायला तोंड उघडतात आणि त्यातून हवामान बाहेर पडतं. उरले मी. मी सांगणार आहे. पण ते सांगायचं तर त्याच्याबरोबर दुसरंही एक सांगावं लागेल, आणि ते त्यांना नाही, तुला. एकदा सांगितलं की तू कदाचित माझ्याही ओसरीवर बसणार नाहीस. चार वर्षांचा होतास तेव्हा तुझी आई गेली, तेव्हापासून तुझ्यावाचून मला दुसरं कुणी नाही, तुलाही नव्हतं. म्हणून इतकी वर्षं गप्प बसले. साधी भीती, दुसरं काही नाही.

आज एवढंच. आकडे वाकडे आले तर साबणाला दोष दे.

२२


रविवार, २४ नोव्हेंबर १९७४

एझेल बाळा,

हे अक्षर तुला ओळखू येईल. चार वर्षं फळ्यावर पाहिलंस ते. प्रत्येक अक्षर मागे झुकलेलं, जणू कुणी समोरून ढकलतंय. होय, कोचच लिहिताहेत. मी सांगतेय, ते लिहिताहेत. मी जे म्हणेन ते, जसं म्हणेन तसं लिहायचं असं त्यांच्याकडून आधी वदवून घेतलंय, आणि त्यांनी दिलेला शब्द तुला ठाऊक आहे. नसेल तर आज होईल.

चर्च सुटल्यावर मी सरळ त्यांच्या ओसरीवर आले. म्हटलं, बाईंची बोटं दुखतात, आज नातवाला पत्र तुम्ही लिहून द्या. बाई दारात उभ्या होत्या. त्यांची बोटं ठणठणीत आहेत. माझ्याकडे बघत राहिल्या, मग आत गेल्या, पण दार लावलं नाही.

कोच म्हणाले, 'ल्यूटीबाई, त्याला माझं अक्षर चालेल?'

मी म्हटलं, 'त्याला न चालणारं पुष्कळ आहे. तुम्ही लिहा.'

आधी हवामान सांगितलं. ते मी आता गाळायला लावलंय, कारण हवामानाचं या घरात खूप झालं.

मग म्हटलं, लिहा. एझेल, कॉलेजने कोच टार्प्लींच्या जागी तुला बोलावलं आहे. गुरुवारचा सामना त्यांचा शेवटचा.

पेन थांबलं. (हेही लिहा, कोच, की पेन थांबलं.) समोरच्या पिकॅनच्या झाडाखाली स्ट्रेटरसाहेबांचा कुत्रा काहीतरी उकरत होता, ते आम्ही दोघं बराच वेळ बघत राहिलो.

मग कोचनी विचारलं, 'शेवटचा, याच्यापुढे पूर्णविराम देऊ?'

मी म्हटलं, 'द्या.'

त्यांनी दिला. बघ वर, आहे तिथे. जरा जाड आलाय.

म्हणाले, काहीतरी झाकून ठेवलंय एवढं कळत होतं. महिनाभर भाजीत दोनदा मीठ पडतंय. माझी बायको, वर्बीना, काही लपवायला लागली की तिला पहिलं मीठ आठवत नाही. हे ऐकून आत एक भांडं दाणकन ठेवल्याचा आवाज आला. कोच हसले. मग चष्मा काढला, पुसला, घातला आणि म्हणाले, 'पुढे?'

आता पुढचं तुझ्यासाठी आहे, एझेल. हे ते लिहायला तयार नव्हते. म्हणाले, ल्यूटीबाई, या ओळीची काही गरज नाही, मुलगा कामाला लागतोय, त्याच्या डोक्याला हे कशाला. मी म्हटलं, लिहिणारे तुम्ही, बोलणारी मी. शब्द दिलाय.

बासष्ट सालच्या नोव्हेंबरात तीन शनिवार ओळीने तुझी पांढरी पँट माझ्यापुढे आली आणि डावा गुडघा कोरा होता. उजव्यावर माती, गवत, रक्त, सगळं. डाव्यावर काही नाही. इस्त्री करून दिला तसा परत आला. चेंडू घेऊन पळणारा पोरगा वीस वेळा पडतो आणि एकदाही डाव्या गुडघ्यावर पडत नाही, हे कसं? म्हणजे तो पडताना अंग फिरवतो. म्हणजे तो गुडघा जपतोय. चौथ्या आठवड्यात तुझ्या मोज्याच्या आत पट्टी सापडली, कापराच्या वासाची, तू गुंडाळून खाली दडवलेली. कुणाला सांगितलं नव्हतंस. मलाही नाही. गुरुवारी शिकागोची माणसं येणार होती.

मला वाचता येत असतं तर मी कुठे पुस्तकात बघितलं असतं, डॉक्टरला पत्र घातलं असतं. मला कपडाच वाचता येतो. मी बुधवारी ती पँट घेऊन कोचकडे गेले आणि या टेबलावर पसरली. याच. म्हटलं, याचा डावा गुडघा कोरा येतोय. त्यांनी विचारलं, खात्री आहे? मी म्हटलं, त्याच्या लंगोटापासून धुतेय. ते म्हणाले, मी उद्या त्याच्याशी बोलतो, डॉक्टरला दाखवतो.

मी म्हटलं, बोलू नका.

मी म्हटलं, बोललात तर तो विचारेल कुणी सांगितलं. तुम्हाला खोटं बोलता येत नाही. आणि हे मी केलं असं त्याला कळलं तर तो मला कधी माफ करणार नाही, आणि मला दुसरं कुणी नाही. मीच त्याची जर्सी लावत नाही. तुम्ही फक्त गप्प राहा.

म्हणून ते गप्प राहिले. खाली मान घालून तुझ्या समोरून गेले ते म्हणून. खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलायला मी बंदी घातली होती. बारा वर्षं तू त्यांचा राग केलास, तो माझ्या वाट्याचा होता, तो त्यांनी आपल्या घरात ठेवून घेतला. कधी परत नेऊन टाका म्हणाले नाहीत.

तुझी जर्सी त्या दिवशी माझ्या ॲप्रनच्या खाली होती. ओली. वाळवलीही नव्हती.

गुडघा त्या गुरुवारी टिकला असता की मोडला असता, देव जाणे. शिकागोच्या वहीत तुझं नाव गेलं असतं का, तेही तोच जाणे. मी तुझा पाय वाचवला की तुझं नशीब बुडवलं, हे मला बारा वर्षांत ठरवता आलेलं नाही. पाय मोडलेलं पोर घरी आणण्यापेक्षा रागावलेलं पोर दूर गेलेलं बरं, असं त्या बुधवारी वाटलं होतं. नंतर बसच्या खिडकीत तुझी पाठ दिसली तेव्हा वाटेनासं झालं.

मी चुकले ती जर्सी न लावण्यात नाही. तुझ्यासमोर येऊन, तुझ्या तोंडावर, लावत नाही असं म्हणाले नाही, यात चुकले. खुंटीला बोलायला लावलं.

कोच म्हणतात, दोघं चुकलो, असं लिहितो. लिहा, पण कंसात लिहा. (दोघं चुकलो.)

जागा घे, एझेल. ती घेऊ नकोस असं मी कधीच म्हटलं नाही. तू चेंडू फेकायला लावणार असशील तर लाव, कोच नाक मुरडतील आणि दर शनिवारी येऊन बघतील. फक्त तू रागाने येऊ नकोस, कारण ज्याच्यावर रागावून यायचं तो माणूस हे लिहिणारा नाही. तुला रागावायचंच असेल तर पत्ता तुझ्याकडे आहे, मीच राहते तिथे. बारा वर्षांचा साठलेला घेऊन ये, सगळा एकदम काढ, मी बसून ऐकेन. मला काही तातडी नाही. स्ट्रेटरसाहेबांना असेल, मला नाही.

गुरुवारी सकाळी मरून रंगाचा कोट धुऊन, इस्त्री करून ऑफिसातल्या खुंटीवर लागलेला असेल. सामना झाला की कोच तो स्वतःच्या हाताने काढतील आणि अध्यक्षांच्या देखत अंगावर घालून घरी येतील. असं आमचं दोघांचं ठरलं. अध्यक्षांना कळवायची जबाबदारी टार्प्लीबाईंनी घेतली, आतून ओरडून सांगितलं. खुंटी त्यानंतर रिकामी राहील. तिच्यावर तुझं काय लावायचं ते तू ठरव, धुवायला मी आहे.

मी कोचना म्हटलं, आता तुमचं असं काही लिहायचं असेल तर खाली लिहा. ते म्हणाले, मला काही लिहायचं नाही. पण पेन ठेवलेलं नाही अजून. मी सही करते आणि उठते. मी गेल्यावर त्यांनी काही लिहिलं तर ते मला वाचून दाखवू नका असं सांगितलंय, आणि तूही कळवू नकोस. माझ्याबद्दल पुष्कळ झालं.

२२


एझेल,

गुडघा आता कसा आहे?

टार्प्ली